बाजारातल्या गाईच्या कानात बिल्ला आहे, विकणाऱ्याकडे आरोग्य दाखलाही आहे. मग ती निरोगी समजायची का?

नाही. बिल्ला म्हणजे गाईचं आधार कार्ड. आधार कार्ड असलेल्या माणसाला ताप येत नाही का?

"कानात पिवळा बिल्ला दिसतोय ना, म्हणजे लस झालेलीच" हे मी हेड्यांच्या, म्हणजे जनावरांच्या दलालांच्या, तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. बिल्ल्यावर 12 आकडे असतात, बस्स. कुठली लस कधी टोचली ते त्या आकड्यांवर भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत सापडतं, तेही कोणी भरलं असेल तर. इसार द्यायच्या आधी बिल्ल्याचा फोटो काढून तुमच्या दवाखान्यात पाठवा आणि नोंद बघून घ्या. लाळ्या खुरकताची लस सहा महिन्यांच्या आतली हवी, लम्पीची (अंगावर गाठी उठणाऱ्या रोगाची) वर्षाच्या आतली. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला बंदी आहे, त्यामुळे विकायच्या तोंडावर बिल्ला मारलेली जनावरंही दावणीला दिसतात. कानाची जखम ओली आणि नोंद कोरी असेल, तर लस झालीच नाही असं धरा.

आता लस टोचल्यावर 28 दिवस थांबायचं का, हे भांडण. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला, सप्टेंबरमध्ये अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र झालं आणि जनावरांचे बाजार बंद झाले. पुढे वाहतूक सुटली ती अटींवर: बिल्ला, दाखला आणि लस टोचून 28 दिवस पूर्ण. हेडी म्हणायचे, "टोचली ना लस? मग अडवता कशाला?" अडवायचं कारण साधं आहे. लम्पीसाठी तेव्हा टोचायचे ती शेळ्यांच्या देवीची लस, 1 मिली, कातडीखाली. तिचा गुण यायला तीन आठवडे लागतात. काल टोचलेली गाय आज बाजारात उभी केली तर ती न टोचल्यासारखीच. विषाणू आधीच अंगात शिरलेला असेल तर गाठी आठ-दहा दिवसांनी उठणार, तुमच्या गोठ्यात. त्यात एकाच सुईने सगळी दावण टोचणारे होतेच. 2 ते 8 अंशांत ठेवायची कुपी दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत फिरली असेल, तर टोचलं ते नुसतं पाणी.

"बाजार बंद करून काय मिळालं?" असं अजूनही विचारतात. अहो, चावणारी माशी रोग शेजारच्या गोठ्यात नेते. जिल्हा ओलांडून नेतो तो टेम्पो.

दाखल्याचं म्हणाल तर डॉक्टर ताप, तोंड, खूर, कातडी बघतात आणि त्या दिवसापुरतं लिहून देतात. लाळ्या खुरकत 2 ते 14 दिवस अंगात दबून असतो, तो त्यात कसा दिसणार? सांसर्गिक गर्भपात तर वरून कळतच नाही; गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते तेव्हा कळतो. वार उचलणाऱ्या आणि कच्चं दूध पिणाऱ्या माणसालाही तो होतो. गाभण गाय घेत असाल तर रक्त तपासूनच घ्या. कास बघून तर अजिबात भुलू नका, दूध तुंबवून आणलेली असते. चारही सडांची पहिली धार काळ्या फडक्यावर मारा. गुठळी दिसली तर दगडी, म्हणजे कासेचा आजार. शक्य असेल तर सकाळ-संध्याकाळ पिळून बघा.

घरी आणल्यावर 28 दिवस वेगळी बांधा. तिची बादली आणि गव्हाण वेगळी, धार सगळ्यात शेवटी काढायची आणि मग हात धुवायचे. रोज सकाळी ताप बघा. गोचिडांचं औषध पहिल्याच दिवशी. ताप आला, गाठ उठली किंवा लाळ गळायला लागली तर जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 या मदत क्रमांकाला फोन करा. संसर्गजन्य रोगाची शंका आली की कळवणं 2009 च्या कायद्याने मालकावरच आहे. गुपचूप परत बाजारात उभी करू नका. तुमच्याकडे ती तशीच आलेली असू शकते.

सगळे हेडी लबाड नसतात, हेही लिहायला हवं. काही जण नोंद स्वतःहून दाखवतात. म्हैस घेणार असाल तर लम्पीची धास्ती कमी, बाकीचं सगळं तसंच.

वेगळी बांधायला जागाच नसेल तर बाजाराच्या वाटेला जाऊ नका. ओळखीच्या गोठ्यातली घ्या, दोन-पाच हजार जास्त गेले तरी.