पायाची घाई नको, आधी ती उशी काढा

ताई, बाबांचा पाय गुडघ्याखालून काढून सहा आठवडे झाले, जखम भरली, आता कोणता पाय बसवायचा असं तुम्ही विचारलंय. मी वडोद्याचा, दांडिया बाजारातला. माझाही डावा पाय गुडघ्याखालूनच गेला, त्याला अकरा वर्षं झाली.

पायाचं नंतर. ते दिवसभर खुर्चीत असतात आणि स्टंपखाली, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाच्या भागाखाली, उशी ठेवतो, असं तुम्ही सहज लिहून गेलात. ती उशी आजच काढा. गुडघा वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडतात, आणि मग कितीही महागडा पाय आणला तरी धड उभं राहता येत नाही. खुर्चीवर लांब फळी सरकवून स्टंप तिच्यावर सरळ ठेवा. दम लागत नसेल तर दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ पालथं झोपू द्या.

सूज उतरून स्टंपचा आकार स्थिर झाल्याशिवाय माप देऊ नका. मी घाई केली. दोन महिन्यांत सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो कप, सैल झालं, पैसे गेले.

पाय बसल्यावरही स्टंप रोज बदलतो. सकाळी मी एक मोजा घालून पाय चढवतो. रावपुऱ्यात जाऊन येईपर्यंत स्टंप बारीक होतो, सॉकेटात खाली उतरतो आणि टोक टेकायला लागतं. मग कुणाच्या तरी ओट्यावर बसायचं, पाय काढायचा, सुरकुती न पडू देता दुसरा मोजा चढवायचा. जादा मोजा माझ्या खिशात कायम असतो. पावसाळ्यात घामासाठी कोरडा जोड वेगळा. रात्री आरशात स्टंप खालून बघा. लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली नाही, तर पाय घालू नका, बनवणाऱ्याला दाखवा. बाबांना मधुमेह आहे, म्हणून उरलेलं पाऊलही रोज असंच बघा. त्याला मी जास्त जपतो.

नसलेली बोटं दुखतात असं ते म्हणाले, तर खरंच दुखतात. त्यांना गप्प करू नका. मला स्टंप हलक्या हाताने चोळल्यावर बरं वाटायचं. आणि रात्री झोपेतून उठताना पाय नाही हेच विसरायला होतं. मी तसाच पडलो होतो. कुबड्या पलंगाला टेकवून, हाताशी ठेवा.

आता पाय. बाबांना पाटावर बसायची, घरात अनवाणी वावरायची सवय असेल, तर जयपूर फूट नक्की बघा. १९६८ साली जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो आपल्या याच सवयींसाठी घडवला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम. याच बळावर मी दर उत्तरायणाला गच्चीवर जातो.

आज रात्री त्यांना उताणं झोपवून बघा, गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकते का? टेकत नसेल तर उद्याच फिजिओथेरपिस्टकडे न्या.