पायावर सूज न आणणारी, रक्तवाहिन्या सैल करणारी नवी बीपीची गोळी कधी येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. अम्लोडिपिन १० मिलिग्रॅमवर बीपी आटोक्यात आहे, पण संध्याकाळपर्यंत दोन्ही घोटे सुजतात. ‘या गोळीने किडनी जाणार’ म्हणून ते मधूनच एखाद्या दिवशी गोळी घेत नाहीत. रक्तवाहिन्या सैल करणारी नवी औषधं येणार असं तुम्ही वाचलंत, ती कधी मिळतील आणि मुळात इतकी वर्षं का लागतात, हे तुम्हाला हवंय.

मी सोलापुरातच फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. पीएचडीची वर्षं उंदराच्या धमनीचे तुकडे सैल होतात का हे बघण्यात गेली, त्यामुळे या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते.

आधी सूज, कारण तिच्यामुळे गोळी चुकतेय. रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू आवळायचा तर पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं. अम्लोडिपिन ती वाट अडवतं, म्हणून लहान धमन्या सैल होतात. पण पुढे रक्त परत नेणाऱ्या शिरांकडची बाजू तेवढी सैल होत नाही. उजनीच्या कालव्याचं वरचं दार पूर्ण उघडलं आणि खालची चारी होती तेवढीच ठेवली, तर पाणी काठावरून रानात जाणारच. तसाच केशवाहिन्यांतला दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर उभं राहिलेल्या माणसाच्या घोट्यात उतरतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे आणखी वाढतं. म्हणजे अशी सूज ही किडनी बिघडल्याची खूण नव्हे, आणि जास्त लघवी करवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरतही नाही. मात्र सूज एकाच पायावर असेल, चालताना दम लागत असेल किंवा सकाळी डोळ्यांखाली फुगत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. तेव्हा लगेच दाखवा.

आता गोळी चुकवण्याबद्दल. अम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे एक दिवस गोळी नाही घेतली तरी दुसऱ्या दिवशी बीपी ठीकच दिसतं आणि माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय चालतंय. ते आदल्या दिवसांच्या गोळ्यांवर चाललेलं असतं. चार-पाच दिवस असेच गेले की बीपी हळूहळू वर जातं आणि ते जाणवतही नाही. वडिलांना हे एवढं नक्की समजावून सांगा.

‘रक्तवाहिनी सैल करणं’ म्हणजे प्रयोगशाळेत नेमकं काय, ते आता सांगते. उंदराची महाधमनी जाड शेवईएवढी असते. तिचा तीन मिलिमीटरचा कडीसारखा तुकडा कापायचा, आम्ही त्याला रिंग म्हणतो. त्यातून दोन बारीक तारेचे हुक ओवायचे आणि ३७ अंशांवरच्या क्षारांच्या द्रावणात ती टांगायची. खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे. दोन ग्रॅमचा ताण देऊन तास-दीड तास थांबायचं, दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदलायचं. मग फेनिलएफ्रिन घातलं की रिंग आवळते आणि स्क्रीनवरची रेघ वर चढते. त्यावर अ‍ॅसिटिलकोलिनचा थेंब टाकला की रेघ खाली यायला हवी.

माझी रेघ पहिले तीन आठवडे खाली आलीच नाही. द्रावण नवीन केलं, औषधाची बाटली बदलली, काही उपयोग नाही. शेवटी गाईड मॅडम शेजारी येऊन बसल्या आणि मी हुक ओवतानाच त्यांनी माझा हात थांबवला. तार मी रिंगच्या आतून घासत नेत होते. आतलं अस्तर, एकाच पेशीच्या जाडीचं, निघून जात होतं. दुसऱ्या दिवशी न घासता हुक ओवला आणि रेघ अशी सरळ खाली उतरली की मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

हीच गोष्ट अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत १९७८ मध्ये वेगळ्या प्रकारे घडली होती. त्यांच्या सशाच्या धमनीच्या पट्ट्या तयार करताना अस्तर नकळत खरवडलं जायचं, त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलिनने त्या आवळायच्याच. एका प्रयोगात पद्धत बदलली आणि धमनी सैल पडली. कारण शोधताना अस्तर सापडलं आणि १९८० मध्ये त्यांनी ते छापलं. अस्तरातून सुटून धमनीला सैल करणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना यासाठीच मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळीही याच वायूमार्गे काम करते. मग तीच रोजच्या बीपीला का नाही? कारण सतत दिली की शरीराला तिची सवय होते आणि परिणाम ओसरतो.

आमच्याकडे प्रोजेक्टला येणारी मुलं फार उत्साहात असतात: मॅडम, अमुक झाडाच्या अर्काने रिंग सैल झाली, औषध सापडलं! मी त्यांना नाउमेद करत नाही, पण खरं ते सांगते. पुरेसा दाट अर्क घातला तर पुष्कळ झाडांच्या अर्कांनी रिंग सैल होते. शिवाय महाधमनी हा मोठा नळ आहे. बीपी ठरतं ते केसासारख्या लहान धमन्यांत. नळीची त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी वाढली तर रक्ताला होणारा अडथळा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो, कारण हिशोब त्रिज्येच्या चौथ्या घाताने चालतो. तेव्हा मोठ्या नळात दिसलेलं लहान धमनीत पुन्हा तपासावं लागतं.

त्याहून अवघड पुढे आहे. जिवंत शरीरात बीपी उतरलं की शरीर ते परत चढवायला धावतं. हृदयाचे ठोके वाढतात, किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. हायड्रॅलाझिन १९५० च्या दशकापासून आहे. रक्तवाहिनी उत्तम सैल करतं, पण एकटं दिलं की धडधड आणि सूज. मिनॉक्सिडिल त्याहून जोरदार. त्याने अंगावर केस वाढतात हे बीपीच्या रुग्णांमध्येच दिसलं आणि आज बहुतेक लोक ते टकलावरचं औषध म्हणूनच ओळखतात. घाईने सैल करणंही धोक्याचं. बीपी खूप वाढलं की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची पद्धत वर्षानुवर्षं होती. दाब एकदम कोसळून मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडल्याचं दिसलं, तेव्हा १९९० च्या दशकात ती सोडून द्या असं सांगितलं गेलं. घरी कोणी अजून हा उपाय सुचवला तर ऐकू नका.

एवढं सगळं पार केलेली औषधंही पडली आहेत. मिबेफ्राडिल १९९७ मध्ये बाजारात आलं. ते यकृतातली औषधं निकामी करणारी यंत्रणा रोखून धरायचं, त्यामुळे इतर गोळ्या रक्तात साचायच्या. १९९८ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. ओमापॅट्रिलॅटने बीपी छान उतरायचं, पण २५ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत ओठ, जीभ आणि घसा सुजण्याचा प्रकार जुन्या गोळीच्या तिप्पट दिसला. श्वास अडवू शकणारी अशी सूज शंभरातल्या दोघांना येणार असेल तर ते औषध लाखो लोकांना देता येत नाही. ते मंजूर झालं नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

आपल्या मुंबईतलंही एक उदाहरण आहे, मी ते वर्गात दरवर्षी सांगते. १९७० च्या दशकात हेक्स्ट कंपनीच्या मुंबईच्या संशोधन केंद्रात भारतीय वनस्पती तपासत असताना कोलिअसच्या मुळातून फोर्स्कोलिन मिळालं. गुजरातेत गरमर म्हणून लोणचं घालतात तेच मूळ. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही तोच पदार्थ वेगळा करण्यात आला. फोर्स्कोलिन रक्तवाहिनी सैल करतं, बीपी उतरवतं. पण ज्या एन्झाइमला ते चेतवतं ते शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, मग फक्त रक्तवाहिनीपुरतं काम कसं करून घ्यायचं? बीपीची गोळी झाली नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत मात्र ते रोज वापरलं जातं, माझ्याही फ्रीजमध्ये आहे.

आता नव्या औषधांबद्दल. एंडोथेलिन हा रक्तवाहिनी आवळणारा, शरीरातच बनणारा अत्यंत जोरदार पदार्थ १९८८ मध्ये जपानमध्ये सापडला. त्याला अडवणारं अ‍ॅप्रोसिटेंटान अमेरिकेत बीपीसाठी मंजूर झालं मार्च २०२४ मध्ये. मध्ये ३६ वर्षं गेली! त्याची चाचणी ७३० रुग्णांवर झाली, तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचं बीपी उतरत नव्हतं अशांवर. चार आठवड्यांत वरचं बीपी औषधाने १५ ने उतरलं आणि तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या खोट्या गोळीने साडेअकराने. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा चारच्या आसपास. आणि सूज? पहिल्या चार आठवड्यांत खोट्या गोळीवर दोन टक्के लोकांना, १२.५ मिलिग्रॅमवर नऊ टक्के आणि २५ मिलिग्रॅमवर अठरा टक्के लोकांना. म्हणून तिथे कमी मात्राच मंजूर झाली. वडिलांचा त्रास सूज हाच असेल आणि बीपी एका गोळीवर आटोक्यात असेल, तर हे औषध त्यांच्यासाठी नाही.

दुसरं झिलेबेसिरान. यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन बनवतं आणि त्यापासून रक्तवाहिनी आवळणारं अँजिओटेन्सिन तयार होतं. हे इंजेक्शन ते प्रथिन बनवण्याचा निरोपच यकृतात पुसून टाकतं. त्वचेखाली एकदा टोचलं की परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकल्याचं चाचण्यांत दिसलंय. गोळी विसरणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट ठरेल असं मला मनापासून वाटतं. काळजीही तिथेच आहे. गोळी दुसऱ्या दिवशी थांबवता येते, टोचलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. ऐन उन्हाळ्यात जुलाब लागून ऊसतोड कामगाराचं बीपी खाली गेलं तर काय करायचं, याचं उत्तर ते आपल्या भागात येण्याआधी हवं.

तुमच्या वडिलांसाठी मात्र उपाय जुन्या औषधांतच असण्याची शक्यता जास्त. ही सूज मात्रेवर अवलंबून असते. १० ची ५ केली आणि टेल्मिसार्टनसारखी, शिरांकडची बाजूही सैल करणारी गोळी जोडली, तर बीपी धरून सूज कमी होते, हे डॉक्टर नेहमी करतात. त्यात किडनी आणि पोटॅशियमची रक्त तपासणी लागते, म्हणून मनाने बदल करू नका. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहा, गोळी चुकली त्या दिवशी फुली मारा, सूज कधी येते-उतरते तेही लिहा, आणि वही घेऊन जा. शेंगा चटणी आणि लोणच्याचं मीठही त्या आठ दिवसांत जरा हात आखडून. डॉक्टरांनी काय बदल केला ते खाली लिहिलंत तर त्यामागचं कारण समजावून सांगेन.