वाचकांचे प्रश्न : साडेसहा हजाराची पॉलिसी घेऊ का साडेअकरा हजाराची?

सप्टेंबरातल्या पुरानंतर गाडीच्या इन्शुरन्सबद्दल भरपूर पत्रं आली, त्यातली पाच इथं घेतलीत. नावं छापत नाही, गाव तेवढं टाकतो.

प्रश्न : २०२१ च्या दिवाळीत पेट्रोल कार घेतली, ११९७ सीसी. आजपर्यंत एकही क्लेम नाही. पुढच्या महिन्यात इन्शुरन्स संपायलाय. ओळखीचा एजंट साडेअकरा हजार म्हणायलाय, मोबाईलवर साडेसहाला दिसायलंय, आणि आमचे साडू म्हणतात नुसती थर्ड पार्टी काढ चार हजारात, पोलिसाला दाखवायला पुरतं. काय करू? (एक शिक्षक, सेलू)

उत्तर : सर, आधी साडूंचं बघू. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं जे नुकसान झालं त्याची भरपाई. तुमची गाडी झाडावर आदळली, चोरीला गेली, पुरात गेली, रोही आडवी येऊन बॉनेट चेपलं, तर त्यात एक रुपया मिळत नाही. ही सक्तीची असते आणि तिचा दर ठरवून दिलेला असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेला दर १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३,४१६ आणि त्याच्यावर ७,८९७. तुमच्या गाडीला ३,४१६ वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४,०३१ रुपये, मग कंपनी कोणतीही असू द्या. म्हणून थर्ड पार्टी कुणी निम्म्या पैशात देतो म्हणला की तिथंच थांबायचं, तो कागद खोटा असू शकतो. एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकला की इन्शुरन्स चढलाय का नाही ते दिसतं.

आता साडेसहा आणि साडेअकरा. ह्यातले चार हजार दोन्हीकडं सारखेच, फरक सगळा राहिलेल्या भागात आहे, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यात, ज्याला ओन डॅमेज म्हणतात. दोन्ही कोटेशन शेजारी ठेवा आणि पहिल्यांदा आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किंमतीचा आकडा बघा. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर कंपनी तेवढीच रक्कम देते (कापायचं ते कापून), त्याच्यावर काही नाही. चार वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या त्या मॉडेलच्या किंमतीतून ५० टक्के घसारा धरतात, म्हणजे सात लाखाची गाडी असंल तर साडेतीन लाखाच्या आसपास आयडीव्ही यायला पाहिजे. मोबाईलवर तिथं अडीच लाख दिसायलेत का बघा. बऱ्याचदा स्वस्त कोटेशनचं गुपित हेच असतं, हजार-बाराशे वाचतात आणि गाडी गेली तर लाखभर रुपये कमी मिळतात, हे लोकांना क्लेमच्या दिवशी कळतं आणि मला ह्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

दुसरं एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. तुमचा क्लेम नाही म्हणजे चार वर्षांनी ४५ टक्के तुमचा हक्क आहे, एजंटनं तो पूर्ण लावलाय का विचारा. हा ओन डॅमेजवरच मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. आणि उलटंही सांगतो, मागं क्लेम घेतलेला असताना पैसे कमी दिसावेत म्हणून कुणी एनसीबी टाकून देत असंल तर टाकू देऊ नका, नवी कंपनी जुन्या कंपनीकडं चौकशी करते आणि ऐन वेळी क्लेम अडतो.

तिसरं झिरो डेप, म्हणजे सामानाचा घसारा न कापणारा जादा कव्हर. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर ह्यांचे निम्मेच पैसे मिळतात, काच तेवढी पूर्ण धरतात. समजा ४,००० चं बंपर गेलं, प्लास्टिक म्हणून २,००० कापले, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० कापले, हातात आले १,००० आणि पुढच्या वर्षीचा ४५ टक्के एनसीबी गेला. म्हणून एवढ्याशा कामाला क्लेम करूच नये, गावातल्या डेंटरकडून करून घ्यावं. पण समोरून मोठा ठोका बसला तर आजकालच्या गाडीत निम्मं सामान प्लास्टिकचंच असतं, तिथं झिरो डेप वाचवतं. चार वर्षांच्या गाडीला मी तरी ते घेईन. चावी हरवल्याचा कव्हर, सामानाचा कव्हर हे काढून टाका. रस्त्यावरच्या मदतीचा कव्हर स्वस्त असतो, पण घेण्याआधी तुमच्या भागात त्यांची टोइंग गाडी खरंच येते का ते विचारा. मालक-चालकाचा १५ लाखाचा अपघात विमा तुमचा आधीच दुसरीकडं असंल तर तसं लिहून द्या, दोनदा पैसे भरायची गरज नाही.

हे सगळं सारखं करून मग दोघांचे आकडे विचारा. आयडीव्ही तेवढीच, एनसीबी तेवढाच, झिरो डेप दोन्हीत. मग जो स्वस्त तो घ्या, खुशाल मोबाईलवरून घ्या.

प्रश्न : सप्टेंबरात आमच्याकडं रात्रीतून पाणी आलं, गाडी सीटपर्यंत बुडली. पाणी ओसरल्यावर मुलानं चालू करून बघितली, खाडकन आवाज आला आणि बंद पडली. इन्शुरन्स फुल आहे तरी कंपनी म्हणते इंजिनचे पैसे देणार नाही. फुल म्हणजे फुल नाही का? (माजलगाव तालुक्यातून, एक ताई)

उत्तर : ताई, खूप वाईट झालं. माझ्या मेव्हण्याचं अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. "फुल इन्शुरन्स" हा आपल्या बोलण्यातला शब्द आहे, पॉलिसीवर तसं काही लिहिलेलं नसतं. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये धरतात. सीट, वायरिंग, मॅटिंग, साफसफाई हे मागायचा तुमचा हक्क आहे, इंजिन नाकारलं म्हणून बाकीचा क्लेम सोडू नका. इंजिनचं असं होतं की हवेच्या पायपातून पाणी सिलिंडरमधी जातं, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, चालू केलं की पिस्टनचा रॉड वाकतो. कंपनी म्हणते हे पुरानं नाही, चालू केल्यामुळं झालं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचा वेगळा कव्हर असतो, तो नव्या गाड्यांना सहज मिळतो, जुन्यांना बऱ्याच कंपन्या देत नाहीत. नदीकाठी, ओढ्याकाठी राहणाऱ्यानं झिरो डेपच्या आधी हा विचारावा असं माझं मत आहे.

तुमच्या केसमध्ये नकार लेखी मागा, तोंडी ऐकून घेऊ नका. सर्व्हेअरच्या रिपोर्टची कॉपी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, आयआरडीएआय म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका किंवा १५५२५५ ला फोन करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जा, आपला सगळा मराठवाडा त्यांच्याकडंच येतो. फी नाही, वकील लागत नाही, पण शेवटच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. इंजिनचे पैसे मिळतीलच असं सांगत नाही, पण कुठलं नुकसान पाण्याचं आणि कुठलं चालू केल्याचं हे कंपनीला तिथं कागदावर मांडावं लागंल.

आणि बाकीच्यांनी लक्षात ठेवा : बुडालेली गाडी चालू करायची नाही, चावीसुद्धा फिरवायची नाही. पाण्याची खूण दिसंल असे फोटो काढा, कंपनीला कळवा, ओढून न्या.

प्रश्न : सात सीटर घेतलीय, पांढऱ्या पाटीची. लग्नसराईत आणि तुळजापूर, अक्कलकोटच्या फेऱ्यांना लोक मागतात. डिझेल आणि वर थोडेफार घेतो. इन्शुरन्सला अडचण येईल का? (उदगीर)

उत्तर : येईल, आणि मोठी येईल. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं वापर चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. अपघात झाला की आत बसलेले लोक जबाबात सरळ सांगतात की गाडी भाड्यानं केली होती, आणि तुमच्या गाडीचा क्लेम तिथंच संपतो. जखमींची भरपाई एखाद्या वेळी कंपनीला भरायला लावतात, पण मग ती तुमच्याकडून वसूल करायला कंपनी कोर्टात जाते. दहा सीझन मिळून कमावलेले पैसे एका रात्रीत जातात. धंदाच करायचाय तर पिवळी पाटी, परमिट आणि प्रवासी वाहतुकीची पॉलिसी घ्या. महाग आहे, मान्य आहे, पण भाडं त्या हिशोबानं लावा.

प्रश्न : पुण्याहून एमएच १२ पासिंगची जुनी कार घेतली. पॉलिसी आठ महिने शिल्लक आहे पण पहिल्या मालकाच्या नावावर. चालेल ना? (जालना)

उत्तर : गाडीची मालकी बदलली की १४ दिवसांत कंपनीकडं पॉलिसी तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी गाडीबरोबर येते, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम दुसऱ्याच्या नावाच्या पॉलिसीवर करायला गेलात तर हेलपाटे नशिबी येतात. त्यांचा एनसीबी तुम्हाला मिळणार नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो, तेवढा फरक कंपनी भरून घेते. तुमची आधीची गाडी विकली असंल तर तिच्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र आणा, ते तीन वर्षं चालतं. आणखी एक, विम्याच्या दराच्या हिशोबात पुणे पासिंग ए झोनमधी येतं, आपल्याकडचं बी मधी, आणि ए ला ओन डॅमेज जरा महाग पडतं.

प्रश्न : इन्शुरन्स संपून चार महिने झाले, गाडी गावातल्या गावातच फिरते. काढायची घाई आहे का? (औसा)

उत्तर : आहे. ९० दिवस उलटले म्हणजे एनसीबी गेलाच, ओन डॅमेजसाठी आता गाडीची तपासणी होऊन पॉलिसी मिळंल. पहिल्यांदा पकडलं तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण मला दंडाची नाही, दुसरीच भीती वाटते. गावातल्या गावातच लेकरं रस्त्यावर खेळतात, म्हातारी माणसं पारावरून उठून येतात. कुणाला लागलं तर कोर्ट जी भरपाई ठरवंल ती कंपनी नाही, तुम्ही द्यायची, आणि ती वसूल करायला तुमच्या शेतावर जप्ती येऊ शकते. थर्ड पार्टी तरी आज संध्याकाळीच काढा, आणि हातात पॉलिसी येईपर्यंत गाडी दारातून हलवू नका.