जादा दिवे आणि उतरणारी बॅटरी

प्रश्न : माझ्या जुन्या टूरिंग मोटरसायकलला मी घरीच दोन जादा दिवे बसवल्यापासून बॅटरी वारंवार उतरते. ती बदलावी का?

उत्तर : कृपया घाई करू नका. इंजिन मध्यम वेगात फिरत असताना मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवर मोजणी करा. तेथे साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. दिवे लावल्यावरच आकडा १३च्या खाली जात असेल, तर चार्जिंगची क्षमता अपुरी पडत आहे, आणि कमी वॉटचे एलईडी दिवे हाच मला योग्य उपाय वाटतो. दिवे बंद असतानाही तो कमीच राहिला, तर रेग्युलेटरचे (चार्जिंगचा व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या भागाचे) कनेक्टर उघडून पाहा, कारण जुन्या गाड्यांत ते अनेकदा काळवंडलेले असतात. जादा दिव्यांच्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज अवश्य लावा.