आधी गवत मोजायला शीक

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या माळरानावर वाइल्डबीस्टवर, म्हणजे कळपाने स्थलांतर करणाऱ्या त्या गाईसारख्या रानजनावरांवर, काम करायचं ठरवलं आहेस, तर तिथल्या मारा नदीकाठी कॅमेरा लावण्याआधी गुडघे टेकून गवत मोजायला शीक. सुमारे 13 लाख जनावरं त्या माळरानाचं काय करतात, याची नोंद गवतातच सापडते.

अर्धा मीटर लांबी-रुंदीची चौकट घे. एका तुकड्यावर तारेचा पिंजरा ठेव, शेजारी तसाच दुसरा तुकडा उघडा सोड. ठरलेल्या दिवशी दोन्हीकडचं गवत जमिनीलगत काप, हिरवं आणि वाळलेलं वेगळं कर, 60-70 अंशांवर 48 तास वाळव आणि मगच तोल. ओलं तोललंस तर पाऊस पडून गेल्यावर तू गवत नव्हे, पाणीच मोजशील. याहून महागात पडणारी चूक म्हणजे पिंजरा महिनोनमहिने एकाच जागी ठेवणं. आतलं गवत जून होतं, आपल्याच सावलीत त्याची वाढ मंदावते आणि चरलेल्या गवताशी तुलनाच उरत नाही. दर महिन्याला जागा बदल. खुंट्या खोल ठोक, मोठी जनावरं पिंजऱ्याला अंग घासतात.

1970च्या दशकात परिसंस्थेचे अभ्यासक सॅम्युअल मॅकनॉटन यांनी तिथल्या पश्चिम भागात असंच मोजमाप केलं. कळप चार दिवसांत चरून पुढे गेला तेव्हा सुमारे 85 टक्के हिरवं गवत संपलं होतं. चरलेल्या जागी मात्र पुन्हा आखूड, दाट फुटवा आला आणि पुढे थॉमसन गझेल (हरणासारखे छोटे प्राणी) चरायला तिथेच आले. मला हे फार मोलाचं वाटतं: चरण्याने गवत नुसतं कमी होत नाही, त्याचं रूपच बदलतं.

झाडांच्या नोंदी पाहशील तेव्हा नुसत्या पावसाच्या आकड्यांवर विसंबू नकोस. 1890च्या दशकात बुळकांडी या गुरांच्या रोगाची साथ आली, तिने वाइल्डबीस्टही मेले आणि 1960च्या सुमारासही वाइल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपासच होते. भोवतालच्या गाईगुरांना लस टोचल्यावर रोग हटला आणि 1977पर्यंत संख्या 13 लाखांवर गेली. इतकी तोंडं चरायला लागल्यावर वाळकं गवत उरेना, वणवे घटले आणि कोवळी झाडं तगली.

मेलेलं जनावरही नीट वाच. मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांवर वाइल्डबीस्ट बुडतात. त्यांचं मांस काही आठवड्यांत संपतं, पण हाडं सुमारे सात वर्षं विरघळत राहून पाण्याला फॉस्फरस पुरवतात. जमिनीवरच्या कलेवराशेजारी सिंह दिसला म्हणून लगेच 'शिकार' लिहू नकोस. ताज्या कलेवराचं मांडीचं हाड फोडून आतला मगज (अस्थिमज्जा) बघ. पांढरा, घट्ट असेल तर अंगात चरबी होती. लालसर, पारदर्शक, जेलीसारखा असेल तर जनावर उपासमारीने खंगलं होतं. हाड वाळल्यावर ही खूण फसवते. सेरेंगेटीतल्या दीर्घ अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू अपुऱ्या पोषणाने झालेले आढळले, म्हणून कोरड्या महिन्यांत ही तपासणी चुकवू नकोस.

नाकातोंडातून न गोठलेलं, काळसर रक्त आलेलं दिसलं, तर मात्र हाडाला काय, कातड्यालाही हात लावू नकोस. तो अँथ्रॅक्स असू शकतो. चाकू बाहेर न काढता मागे फीर आणि आधी उद्यानाच्या पशुवैद्यांना कळव.