बी.कॉम. झालंय, सोशल मीडिया मार्केटिंगमध्ये यायचंय. चाळीस हजारांचा सर्टिफिकेट कोर्स करू का?

नको, निदान आत्ता तरी नको. गूगलच्या स्किलशॉप या ऑनलाइन शिकवणाऱ्या साइटवर गूगल अॅड्सचं, म्हणजे गूगलवर जाहिराती चालवायचं, शिक्षण आणि परीक्षा दोन्ही मोफत आहेत. पास व्हायला ८० टक्के लागतात आणि प्रमाणपत्र वर्षभर चालतं, मग परीक्षा पुन्हा द्यायची. आधी ते करा. हबस्पॉट अकॅडमी या दुसऱ्या ऑनलाइन साइटचा सोशल मीडियाचा कोर्सही मोफत आहे.

मी पुण्यातल्या एका छोट्या एजन्सीत नवीन मुलांच्या मुलाखती घेते. तिथे प्रमाणपत्र मी बघते, पण प्रश्न विचारते तो केलेल्या कामावर. ओळखीतल्या एखाद्या मसालेवाल्या काकूंसाठी रोज १५० रुपयांची जाहिरात दहा दिवस चालवा. १,५०० रुपयांत व्हॉट्सअॅपवर ५० चौकश्या आल्या, तर एक चौकशी ३० रुपयांना पडली. मग पाकिटाच्या फोटोऐवजी मसाला कांडतानाचा व्हिडिओ लावा आणि तोच आकडा पुन्हा काढा. फरक का पडला हे ज्याला नीट सांगता येतं, त्याला मी घेते. चाळीस हजारांतले दोन-तीन हजार अशा सरावावर घालवलेत तर जास्त शिकाल.

एक मात्र आहे: मोठ्या एजन्सीत जायचं असेल तर प्रमाणपत्राला खरंच वजन असतं. गूगल पार्टनर बिल्ल्यासाठी, म्हणजे गूगल एजन्सीला देतं त्या मान्यतेसाठी, एजन्सीत ग्राहकांची जाहिरात-खाती सांभाळणाऱ्यांपैकी किमान निम्मे लोक प्रमाणित असावे लागतात, म्हणून तिथे ते आवर्जून विचारतात. पण चालतं ते हेच, गूगलचं मोफत मिळणारं.