टॉर्क रेंच घेताना काय पाहावे?

प्रश्न: टायरच्या एका दुकानात हवेच्या गनने आवळलेले नट, कसारा घाटाच्या अलीकडे पंक्चर झाले तेव्हा माझ्याच्याने काही केल्या सुटेनात. यापुढे चाके आणि ऑइल स्वतःच बदलण्याच्या विचाराने मी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या पिळाइतकाच नट आवळू देणारा पाना, घेणार आहे. तो क्लिकचा (ठरवलेला पीळ येताच ‘टक्’ वाजणारा) घ्यावा की डिजिटल, आणि त्याची विश्वासार्हता कशी ओळखावी? – एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर: आधी पल्ला ठरवावा. लहान-मध्यम मोटारींच्या चाकांचे नट साधारणपणे 85 ते 120 न्यूटन-मीटरपर्यंत (हे पीळ मोजण्याचे एकक) आवळतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा माहितीपुस्तिकेत मिळेल. त्यासाठी अर्धा इंची चौकोनाचा (ज्यावर सॉकेट बसते तो), 40 ते 200 पल्ल्याचा पाना योग्य ठरतो. मात्र ऑइलचा बोल्ट बहुधा त्याच्या खालच्या टोकाशी येतो आणि स्पार्क प्लग तर पल्ल्याबाहेरच राहतो. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की खर्च पान्याच्या किमतीहून जास्त होतो, म्हणून त्या कामांसाठी लहान पाना वेगळा घ्यावा.

घरच्या वापरासाठी मी क्लिकचाच सुचवीन; डिजिटलची बॅटरी नेमकी कामाच्या दिवशी उतरलेली असते.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात भाव करण्याआधी डबा उघडून प्रमाणपत्र पाहावे. आयएसओ 6789 या मानकानुसार क्लिकच्या पान्याला 10 न्यूटन-मीटरच्या वर अधिक-उणे 4 टक्के चूक चालते. पण पान्यावर कोरलेला क्रमांकच कागदावर असेल आणि प्रत्यक्ष मोजलेले आकडे नोंदवलेले असतील, तरच त्या कागदाला अर्थ आहे. घरीही ढोबळ पडताळणी करता येते. पान्याचा चौकोन शेगड्यात (व्हाइसमध्ये) आडवा पकडून, त्यापासून 40 सेंटिमीटरवर, मुठीच्या मध्याशी, पाण्यासह 20 किलो भरणारा कॅन हळूच टांगल्यास 78 न्यूटन-मीटर पीळ पडतो, आणि पान्याच्या स्वतःच्या वजनाने त्यात दोन-तीनची भर पडते. 75 वर लावलेला पाना तेव्हा वाजला आणि 90 वर लावलेला गप्प राहिला, तर चाकांपुरता तो भरवशाचा समजावा. नेमका आकडा हवा असल्यास एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, करून घ्यावे.

आवळताना आटे कोरडे ठेवावेत, समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्यावेत आणि ‘टक्’ झाल्यावर थांबावे; पुन्हा एकदा वाजवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, त्याने नट अधिक आवळला जातो. काम झाल्यावर पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा. घट्ट बसलेले नट सोडवायला मात्र तो मुळीच वापरू नये. त्यासाठी डिकीत लांब दांड्याचा साधा पाना असू द्यावा.